गोपिकाआजीचं बिनबारदान्याचं वजन

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक लोखंडी काटा डोळ्यांपुढं आणा. भाजीवाल्याचा छोटा नव्हे, मोंढ्यातला. मोंढा म्हणजे धान्याचा मोठा बाजार. जमिनीवर एक चौकोनी पाट, पाटाच्या कडेला उभा खांब, खांबावर आडवी दांडी आणि दांडीवर पुढं-मागं सरकणारं पितळी वजन. पाटावर पोतं ठेवायचं, पितळी वजन हळूहळू सरकवायचं आणि दांडी ना वर ना खाली, अशी मधोमध थरथरत थांबली की आकडा वाचायचा.

दिसला काटा? आता ते पोतं उतरवा आणि पाटावर एका म्हाताऱ्या बाईला उभं करा. अंगावर काळी घोंगडी, कपाळावर गोंदण, उजव्या हातात चांदीचं जाड कडं. ती पडेल म्हणून एका मुलीनं तिचा हात घट्ट धरलाय. काट्यामागचा म्हातारा ओरडतोय, "ए पोरी, हात सोड! तू धरलं की अर्धं वजन तुझ्याकडं जातं. मंग मी काय मोजू, कप्पाळ?"

ती मुलगी म्हणजे रेणुका. पाचवीत शिकणारी. आता डोळे उघडा, पण तिच्या शेजारीच उभे राहा. त्या दिवशी काय झालं ते तिला बराच वेळ कळत नव्हतं. तुम्हालाही कळणार नाही. घाबरू नका, न कळण्यापासूनच सुरुवात होत असते.

जालना जिल्ह्यातल्या मंठ्याहून निघालं की गाव संपून तुरीची शेतं लागतात, तिथं रस्त्याच्या कडेला 'आजोळ' नावाचा वृद्धाश्रम आहे. रेणुकाची आई, प्रेमला, तिथं स्वयंपाक करते. शाळा सुटली की रेणुका दप्तर घेऊन सरळ तिथंच येते. त्यामुळं तिला आज्या आणि आजोबा भरपूर. पण खरी दोस्ती एकीशीच, गोपिकाआजीशी.

गोपिकाआजीचं अर्धं आयुष्य मेंढरांच्या मागं गेलेलं. आज परतूरच्या शिवारात, तर उद्या आष्टीच्या. घर म्हणजे पाठीवरचं बिऱ्हाड. तिच्याजवळ त्या दिवसांतल्या दोनच वस्तू उरल्या होत्या, घोंगडी आणि कडं. कड्यावरून दोघींचा एक खेळ चालायचा. आजी हात पुढं करायची आणि म्हणायची, "काढ बरं. निघालं तर तुझं." रेणुका ओढून ओढून लाल व्हायची. कडं अंगठ्याच्या हाडापाशी येऊन अडायचं ते अडायचंच.

दिवाळीनंतर आजीनं हा खेळ बंद केला. "हात दुखतो," म्हणाली.

मग एका दुपारी अंगणावरून घार गेली. आजीनं ती दाखवायला हात वर केला आणि कडं मनगटावरून सरळ कोपरापर्यंत घरंगळत गेलं.

"आजी! कडं ढिलं झालं?"

आजीनं झटकन हात घोंगडीत घेतला. "थंडी हाय ना लेकरा. थंडीत चांदी ढिली पडती."

रेणुका विचारात पडली. थंडीत धातू आकसतो, असं शाळेत सांगितलं होतं. म्हणजे कडं घट्ट व्हायला पाहिजे. शाळेचं खरं की आजीचं? तिनं आईला विचारलं. आईचे हात पिठात होते. "मला काय माहीत माय? उद्या सिस्टर येणार हायेत वजन करायला. कमी झालं असलं तर काट्यावर दिसंलच की."

आता हे वजनाचं काय, ते नीट ऐका, कारण पुढची सगळी गंमत आणि सगळी काळजी त्यातच आहे.

मंठ्याहून प्रियदर्शनी सिस्टर दर महिन्याला आजोळमध्ये येत. प्रत्येकाचं वजन करत आणि मागच्या महिन्याच्या वजनाशी ताडून बघत. म्हाताऱ्या माणसाला काही दुखलं तरी ते पुष्कळदा सांगत नाही. पण आतून काही बिघडलं तर वजन उतरायला लागतं. म्हणून नियम असा की एका महिन्यात शंभरात पाचापेक्षा जास्त वजन घटलं तर सिस्टरनं ते लाल शाईनं नोंदवायचं आणि दुसऱ्या दिवशी आश्रमाच्या गाडीनं त्या माणसाला जालन्याच्या डॉक्टरकडं पाठवायचं.

शंभरात पाच म्हणजे किती? आश्रमातल्या द्वारकाबाई साठ किलोच्या. त्यांचे दोन किलो गेले तर फार बिघडत नाही. तीनच्या वर गेले तर काळजी. गोपिकाआजी चाळीस किलोची. तिला दोन किलोच काळजीची वेस. टोपलीत वीस भाकरी असताना एक गेली आणि चारच असताना एक गेली, यात फरक आहे ना? तेवढंच.

रेणुकाला हे सिस्टरनं एकदा समजावलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ती शाळेतून धावतच आली. आजीचं वजन कमी भरलं तर आजी जालन्याला जाईल आणि डॉक्टर तिला बरं करेल. बरोबर भरलं तर कडं खोटं. काहीही असो, काटा सांगेल.

आश्रमातला छोटा काटा मागच्या वेळी वजनं झाल्यावर मोडला होता. तो कुणी मोडला यावर अजून भांडण चालू होतं.

"द्वारकाबाई दुसऱ्यांदा चढल्या आन् आतून कट्कन आवाज आला," कडूबाबा म्हणायचे.

"मी चढले तव्हा तो आधीच मेला होता," द्वारकाबाई म्हणायच्या. "तुमच्या नुसत्या बघण्यानंच मेला आसंल."

मोंढ्यातल्या एका आडत्यानं, म्हणजे धान्याच्या दलालानं, नवा इलेक्ट्रिक काटा घेतला आणि जुना लोखंडी काटा आश्रमाला देऊन टाकला. तो आला आणि कडूबाबांचा चेहराच बदलला. कडूबाबांनी उभा जन्म मंठ्याच्या मोंढ्यात मापाडी म्हणून काढलेला. मापाडी म्हणजे शेतकऱ्याचा माल तोलून वजन पुकारणारा माणूस. आश्रमात आल्यापासून ते नुसते बसून असत. काटा आल्यावर त्यांनी तो घासला, तेल दिलं, दांडी पुसून चकचकीत केली आणि जाहीर केलं, "याला दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई."

सिस्टरना तसा काटा वापरायची सवय नव्हती. त्यांनी आनंदानं ते काम बाबांवर सोपवलं. बाबा पुकारायचे, सिस्टर लिहून घ्यायच्या.

अंगणात उन्हात ओळ लागली. थंडी चांगलीच होती. सगळे स्वेटर, शाली, कानटोप्या घालून आलेले. मागच्या महिन्यातही असेच आले होते.

"द्वारकाबाई, अठ्ठावन्न!" बाबांनी मोंढ्यातल्यासारखा सूर लावला.

"ऐकलं का गं? बारीक झाले मी!" द्वारकाबाईंनी पदर सावरला. मग त्याच थबकल्या. "पर माझं पोलकं तर दंडाला रुतून राह्यलं."

ओळ पुढं सरकली. मग गोपिकाआजी पाटावर चढली. रेणुकानं तिचा हात धरला आणि बाबा ओरडले, ते तुम्ही मघाशी ऐकलंच. रेणुकानं हात सोडला. आजी जराशी डोलली, स्थिर झाली आणि काट्यामागं बघून म्हणाली, "कडूबा, ध्यानात हाय ना?"

"हाय, माय. तुझं तसलं काही धरत न्हाई मी," बाबा म्हणाले आणि पितळी वजन सरकवत नेलं. दांडी थरथरली, थांबली. "गोपिकाबाई, साडेसदतीस!"

काय ध्यानात आहे? काय धरत नाहीत? रेणुकाला काही कळलं नाही. म्हाताऱ्या माणसांचं आपापसातलं काहीतरी जुनं असेल, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. तिच्या डोक्यात आकडा घुमत होता. मागच्या महिन्यात चाळीस. आता साडेसदतीस. अडीच किलो गेले! दोनाच्याही वर! म्हणजे कडं खरंच बोलत होतं. तिला वाईट वाटलं आणि त्याच वेळी हायसंही वाटलं. आता सिस्टर लाल शाई काढतील.

सिस्टरनी लाल पेन काढलंही. पण लिहिता लिहिता त्या थांबल्या. त्यांनी आधीची नावं पाहिली, नंतरची पाहिली, पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

"हे काय आहे? द्वारकाबाईंचे दोन किलो गेले. बेबीनंदामावशींचे दोन गेले. ह्यांचे दोन, त्यांचे दोन. एकजण सुटला नाही! अख्खा आश्रम एका महिन्यात कसा काय वाळला?"

अंगणात कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं, बोअरचं पाणी बदललं. कुणी म्हणालं, नजर लागली. आश्रमाचे व्यवस्थापक भागवत आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि स्वयंपाकघराकडं बघितलं.

"प्रेमलाबाई, वरणात पाणी वाढवून राह्यल्या का तुम्ही?"

प्रेमला दारात उभी होती. हातातलं उलथनं तसंच राहिलं. "काय बोलताव भागवतभाऊ? ज्या मापानं गेल्या साली दाळ घालत व्हते त्याच मापानं घालते. या, आत या आन् डबे बघा."

"मंग सगळ्यांचंच कसं कमी झालं?"

रेणुकानं आईकडं पाहिलं, मग गोपिकाआजीकडं. वरण तर तीही रोज खाते. ते मुळीच पातळ नव्हतं. मग? सगळेच आजारी आहेत? की कुणीच नाही? आजीचं कडं ढिलं झालं, तसं द्वारकाबाईंचं पोलकं का नाही ढिलं झालं? तिला वाटलं, आपल्या डोक्यात कुणीतरी रवी घालून घुसळतंय.

सिस्टरही गोंधळल्याच होत्या. शेवटी त्यांनी चप्पल काढली. "बाबा, माझं वजन करा बरं. मी गेल्याच आठवड्यात दवाखान्यात केलंय, ह्याच स्वेटरवर. अठ्ठावन्न आहे."

त्या पाटावर चढल्या. बाबांनी तन्मय होऊन वजन सरकवलं. "सिस्टर, छप्पन!"

"छप्पन कसं? अठ्ठावन्न पाहिजे."

"अठ्ठावन्नच भरलं ना," बाबा शांतपणे म्हणाले. "दोन बारदान्याचे गेले. छप्पन."

सिस्टर पाटावरून मागं वळल्या.

"कशाचे गेले?"

"बारदान्याचे. पोत्याचे, मॅडम." बाबांना आश्चर्य वाटत होतं की एवढ्या शिकलेल्या बाईला हे सांगावं लागतंय. "पोत्यात सोयाबीन आली तर पोत्याचं वजन कापूनच पुकारायचं आसतं. नुसत्या मालाचं वजन करावं. तुमचं स्वेटर, ह्यांच्या शाली, लुगडी, हे सगळं बारदानाच की. थंडीचे दिवस म्हणून दोन किलो सरसकट धरले. उन्हाळ्यात एकच धरला आसता."

आधी द्वारकाबाई हसल्या. मग सगळं अंगण हसलं. "आगं माय! ह्या बाबानं आपल्याला पोत्यात भरलं की गं!" द्वारकाबाईंनी डोळे पुसले. "मी सोयाबीन का तूर व्हय, कडूबा?"

"तुम्ही सरकीची ढेप," मागून कुणीतरी म्हणालं.

सिस्टर हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. "बाबा, मागच्या महिन्यात मी कपड्यांसकट वजन केलं होतं. तुम्ही कपडे वजा केले. मग दोन्हींचा मेळ कसा बसणार? एकतर दोन्ही वेळा कापायचं, नाहीतर दोन्ही वेळा नाही कापायचं. आणि कापलं तर निदान सांगायचं तरी."

"बारदाना कापला हे कोण सांगतं का मोंढ्यात? ते तर ठरल्यालंच आसतं!" बाबांचा आवाज चिरकला. आजूबाजूला अजून हसू चालू होतं. भागवत म्हणाले, "बाबा, तुमच्यापायी मी प्रेमलाबाईंना बोललो ना उगंच." ते ऐकून बाबांनी पितळी वजन शून्यावर ओढलं, दांडीला कडी लावली, टोपी झटकली आणि आश्रमाच्या मागच्या बाजूला निघून गेले.

मुलांनो, इथं जरा थांबा. चूक सापडली, सगळे हसले, प्रेमलावरचा आळ गेला. गोष्ट संपली असं वाटतं ना? सिस्टरनाही तसंच वाटलं. बाबांनी सगळ्यांचे दोन किलो कापले, तर सगळ्यांचे दोन किलो परत मिळवले की झालं. त्यांनी भराभर बेरजा केल्या. द्वारकाबाई अठ्ठावन्न आणि दोन, साठ. जशाच्या तशा. बेबीनंदामावशी, जशाच्या तशा.

"गोपिकाबाई, साडेसदतीस आणि दोन, साडेएकोणचाळीस. अर्धाच किलो कमी. एवढं इकडं-तिकडं होतंच." त्यांनी लाल पेन बंद केलं. "उद्या जालन्याला कुणालाच जायला नको. चला, सुटलो."

रेणुका पुढं झाली. "पण सिस्टर, आजीचं कडं..."

"कडं काय?"

"कोपरापर्यंत जातं. आधी निघतच नव्हतं."

सिस्टरनी गोपिकाआजीकडं पाहिलं. आजी घोंगडी लपेटून बसली होती. ती हसली. "पोरगी खेळती माझ्यासंगं, बाई. काही झालं न्हाई मला. टुणटुणीत हाय मी."

"ऐकलंस ना?" सिस्टर प्रेमानं म्हणाल्या. "आपल्याला डोळ्यांनी वाटतं तेवढं पुरत नाही गं. मोजावं लागतं. आता मोजलंय ना आपण?" आणि त्या सामान आवरायला लागल्या. त्यांना अजून अंकुशनगरला जायचं होतं.

रेणुका तिथंच उभी राहिली. मोजलंय खरं. पण मग कडं खोटं कसं? आधी काटा म्हणाला, आजी वाळली. मग म्हणाला, सगळेच वाळले. मग म्हणाला, कुणीच वाळलं नाही. एकाच काट्यानं एका दुपारी तीन गोष्टी सांगितल्या. कुठली धरायची?

ती स्वयंपाकघरात गेली. "आई, मला काही तरी चुकल्यासारखं वाटून राह्यलं."

"काही चुकलं न्हाई," प्रेमला पोळपाट आपटत म्हणाली. "मिटलं ना एकदाचं? आता तू काही उकरून काढू नको बाई. बिलकुल गप बस."

रेणुका गप बसली. पण डोकं गप बसेना. धरायची... धरायची... हा शब्द तिनं आज कुठं ऐकला होता? बाबा म्हणाले, थंडीचे दोन किलो धरले. आणि त्याच्याही आधी, कधीतरी...

'तुझं तसलं काही धरत न्हाई मी.' बाबा आजीला म्हणाले होते!

ती ताडकन उठली. अंगणात आली, तर गोपिकाआजी तिच्याकडंच बघत होती. आजीनं मान हळूच हलवली. नको, अशी. मग जवळ बोलावून कानात म्हणाली, "गप, माझी माय. जालन्याला नेलं ना, की मोठ्या दवाखान्यात घालतेत. माझा धनी गेल्ता तिथं. परत न्हाई आला."

म्हणजे आपलं वजन उतरलंय हे आजीला माहीत होतं! आई म्हणते गप बस. आजी म्हणते गप. सिस्टर म्हणतात मोजलंय. आजीचं गुपित सांगितलं तर आजी रुसणार. नाही सांगितलं तर कडं आणखी वर सरकत जाणार. कोपराच्या वर कुठं? दंडापर्यंत? आणि मग? तिला काय बरोबर ते समजत नव्हतं. फक्त अंगणात सिस्टरच्या स्कूटीची किल्ली खुळखुळलेली समजली.

ती मागच्या बाजूला पळाली. चिंचेखाली कडूबाबा पाठ करून बसले होते.

"बाबा, गोपिकाआजीचा बारदाना किती धरला?"

"आता तू बी हसायला आली का?"

"न्हाई बाबा. देवाशप्पत न्हाई. सांगा ना जल्दी. दोन किलो धरला का तिचा?"

बाबा वळले. "तिचा कशाला धरीन मी? तिला लोकरीचा भाव हाय."

"म्हणजे?"

"लई जुनी गोष्ट हाय पोरी. तव्हा ही बाई बाजारात लोकर घेऊन यायची, घोंगडीत बांधून. आता लोकर घोंगडीतून मोकळी करून पाटावर ठेवतेत. तिला पोतंच नसतं. मी नवा होतो, सवयीनं बारदाना कापला. मंग काय! भर मोंढ्यात कमरेला पदर खोचून उभी राह्यली माझ्यापुढं. म्हणे, पोतं दाव, मंग काप. पंधरा माणसं गोळा झाली." बाबांच्या ओठांवर त्या आठवणीनं बारीक हसू आलं. "तव्हा बोललो तिला, माय, तुझ्या मालाला जन्मात बारदाना लावणार न्हाई. आज बी न्हाई लावला. तिचं जे भरलं तेच पुकारलं. घोंगडीसकट साडेसदतीस."

"पण सिस्टरनी तिच्यात पण दोन मिळवले!"

बाबांचं हसू गेलं. मापाड्याला एकदा आकडा चुकीचा झालेला कळला की त्याला बसवत नाही. ते गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. "अरे... आन् मागल्या खेपेला चाळीस व्हती ना ती?"

"चला ना बाबा! सिस्टर निघाल्या!"

बाबांना भरभर चालता येत नव्हतं. रेणुका त्यांचा हात धरून ओढत होती आणि पुढं बघून ओरडत होती, "सिस्टर! थांबा! सिस्टर!" स्कूटी फाटकापर्यंत गेली होती. आवाज ऐकून ती थांबली.

कडूबाबांनी धापा टाकत सांगितलं. सिस्टरना पहिल्यांदा काही उमगलंच नाही. "लोकर? कसली लोकर, बाबा?" बाबांनी पुन्हा सांगितलं. मग सिस्टरनी हेल्मेट काढलं. "बाबा, दांडीची कडी काढा. आज नुसत्या बोलण्यावर मी काही लिहिणार नाही."

गोपिकाआजी उठायला तयार नव्हती. "माझं झालंय मघाशीच." मग द्वारकाबाई तिच्याजवळ गेल्या. आता त्या हसत नव्हत्या. "चल गं बाई. मी एवढी साठ किलोची चढते, तुला काय झालं?" आणि तिला धरून घेऊन आल्या.

आजी पाटावर चढली. या वेळी कुणीही हात लावला नाही. सिस्टर बाबांच्या खांद्यावरून स्वतः दांडी बघत होत्या. पितळी वजन सरकलं, दांडी थरथरली आणि थांबली.

साडेसदतीस. घोंगडीसकट.

सिस्टर खाली वाकल्या आणि त्यांनी आजीचं मनगट हातात घेतलं. कडं दोन बोटांनी वर सरकवलं. ते अडेचना. मग त्यांनी लाल पेन पुन्हा उघडलं. "भागवतभाऊ, उद्या सकाळी गाडी काढा." जाताना त्या रेणुकापाशी थांबल्या. तिच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रेमला दारात उभी राहून बघत होती. गोपिकाआजीनं रेणुकाकडं पाहिलंसुद्धा नाही. घोंगडी डोक्यावरून ओढून ती भिंतीकडं तोंड करून बसली. रेणुका जवळ गेली, तर म्हणाली, "जा तू. तुला सांगितलं व्हतं."

घरी जाताना रेणुकानं आईला विचारलं, "मी बराबर केलं का गं?"

प्रेमलानं तिचं दप्तर काढून आपल्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "मला बी न्हाई कळत, बाळा. तिच्या जागी मी आसते तर मी बी रुसले आसते. आन् तू न्हाई बोलली आसती तरी मी तुला रागावलेच आसते, नंतर कधीतरी."

हे काही उत्तर नव्हतं. पण आई खोटं बोलली नाही, एवढं रेणुकाला कळलं.

सकाळी आश्रमाच्या फाटकात गाडी उभी होती. भागवत काच पुसत होते. गोपिकाआजी मागच्या सीटवर बसली होती, ताठ, समोर बघत. काचेचं सामान वाहून न्यावं तसं सगळे तिच्याभोवती जपून हळू बोलत होते. कडूबाबांनी खिडकीतून हात आत घालून तिच्या घोंगडीचं टोक नीट केलं. तिनं त्यांच्याकडंही पाहिलं नाही.

रेणुका शाळेच्या गणवेशात होती. पाठीवर दप्तर. ती फाटकापाशी उभी राहून बघत होती. आजीचा उजवा हात सीटच्या कडेला टेकलेला होता आणि कडं पार खाली, बोटांच्या मुळाशी येऊन लोंबत होतं. गाडी हलली की पडेल, असं.

मुलांनो, मग रेणुकानं काय केलं, ते ऐका. तिनं दप्तर आईच्या हातात दिलं. गाडीचं दुसरं दार उघडलं आणि आत चढून आजीच्या शेजारी बसली.

"आगं, शाळा?" भागवत म्हणाले.

"आज न्हाई."

आजी खिडकीबाहेरच बघत राहिली. रेणुकानं ते कडं हळूच वर सरकवलं, मनगटावर आणलं आणि घसरू नये म्हणून आपली मूठ त्याच्याभोवती घट्ट मिटली. गाडी जालन्याच्या रस्त्याला लागली, तरी तिनं ती सोडली नाही.